विश्लेषण : जनसंपर्क क्षेत्राला नियम देणारे आयव्ही ली स्वतःच्याच नियमांत कसे अडकले?

रेल्वेचा अपघात होतो, कारखान्यात आग लागते, एखादी बँक अडचणीत येते. थोड्याच वेळात संबंधित कंपनीचे निवेदन पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि तिथून वाचकांच्या मोबाइलवर. नेमके काय घडले, किती जण जखमी आहेत, चौकशी कोण करणार, हे सगळे त्यात असते. आज ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी अपघात झाला की पत्रकारांना घटनास्थळापासून लांब ठेवायचे आणि तोंड बंद ठेवायचे, हीच बहुतेक कंपन्यांची रीत होती. ही रीत बदलण्यात अमेरिकेच्या आयव्ही ली यांचा मोठा वाटा होता. आधुनिक जनसंपर्काच्या जनकांपैकी एक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण जगाचा निरोप घेताना त्यांच्या नावापुढे हिटलरच्या जर्मनीचा सल्लागार असा शिक्का बसला होता. या क्षेत्रात करिअर करू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा प्रवास का समजून घ्यावा, ते पाहू या.

आयव्ही ली कोण होते?

आयव्ही लेडबेटर ली यांचा जन्म १६ जुलै १८७७ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सीडरटाउनजवळ झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. सुरुवातीला एमरी महाविद्यालयात शिकून ली पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि १८९८ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि वृत्तपत्रात बातमीदारी सुरू केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकांसाठी त्यांनी काम केले. उद्योग आणि शेअर बाजाराच्या बातम्यांमुळे मोठ्या कंपन्यांची कार्यालये, तिथली माणसे आणि त्यांची पत्रकारांबद्दलची भीती ली यांना जवळून पाहता आली. १९०१ मध्ये त्यांचा विवाह झाला. बातमीदाराचा पगार तुटपुंजा आणि कामाला वेळकाळ नाही, अशी त्यांची स्थिती होती.

पत्रकारिता सोडून ते जनसंपर्काकडे का वळले?

१९०३ मध्ये ली यांनी नोकरी सोडली आणि न्यूयॉर्कचे महापौर सेथ लो यांच्या निवडणूक प्रचाराचे काम घेतले. लो हरले. पुढच्या वर्षी ली यांनी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी विभागात काम केले. तिथेही पक्षाचे उमेदवार आल्टन पार्कर यांचा थिओडोर रुझवेल्ट यांनी पराभव केला. या दोन पराभवांतून ली यांना एक सहकारी मात्र मिळाला. जॉर्ज पार्कर या ज्येष्ठ पत्रकारासोबत त्यांनी ‘पार्कर अँड ली’ ही संस्था सुरू केली. अशी ती पहिली संस्था नव्हती. बोस्टनमध्ये १९०० पासूनच ‘पब्लिसिटी ब्युरो’ काम करत होता.

हा काळ महत्त्वाचा होता. अमेरिकेतील मोठ्या उद्योगांविरोधात शोधपत्रकारितेची लाट आली होती. आयडा टारबेल यांनी १९०२ पासून रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा कारभार लेखमालेतून उघड केला होता. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ मधील कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांची अवस्था देशासमोर आणली. कंपन्यांकडे यावर उत्तर नव्हते. पत्रकारांना रेल्वेचे मोफत पास द्यायचे, जाहिरातींचे आमिष दाखवायचे किंवा दारे बंद करायची, एवढेच त्यांना ठाऊक होते. ली यांनी इथे संधी हेरली. लोकांपासून लपवलेली गोष्ट कधी ना कधी बाहेर येतेच, मग ती आपणच आधी सांगितलेली बरी, हा विचार घेऊन ते उद्योगपतींकडे गेले.

१९०६ च्या जाहीरनाम्यात काय होते?

१९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कोळसा खाणींमध्ये मोठा संप झाला होता. कामगार नेते जॉन मिचेल पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत. खाणमालकांचे नेते जॉर्ज बेअर मात्र कोणालाच दाद देत नव्हते. साहजिकच जनमत कामगारांच्या बाजूने गेले. १९०६ मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मालकांनी ली यांना नेमले.

मालक आणि कामगारांच्या बैठकीत पत्रकारांना प्रवेश नव्हता. ली यांनी प्रत्येक बैठकीनंतर तिचा वृत्तान्त सर्व वृत्तपत्रांना पाठवायला सुरुवात केली. काही संपादकांना हा जाहिरातीचाच छुपा प्रकार वाटला. त्यावर ली यांनी संपादकांना एक छोटे पत्रक पाठवले. तेच पुढे ‘तत्त्वांचा जाहीरनामा’ म्हणून ओळखले गेले.

त्यातील मुद्दे थोडक्यात असे :

* आपले कार्यालय गुपचूप काम करत नाही. सगळे काम उघडपणे चालते.
* आपण जाहिरात संस्था नाही. एखादा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे संपादकांना वाटले, तर त्यांनी तो वापरू नये.
* दिलेली माहिती अचूक असेल. अधिक तपशील मागितल्यास लगेच पुरवला जाईल.
* एखाद्या संपादकाला माहितीची पडताळणी करायची असेल, तर त्यासाठी मदत केली जाईल.

यातून दोन प्रश्नांना उत्तर मिळत होते. हे काम कोणासाठी चालले आहे, आणि दिलेली माहिती खरी आहे का? जगभरातील जनसंपर्क संस्थांच्या आचारसंहिता आजही याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

पहिली प्रेस नोट कशी निघाली?

त्याच वर्षी ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे काम घेतले. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीजवळ या रेल्वेच्या उपकंपनीची तीन डब्यांची विजेवरची गाडी पुलावर रुळांवरून घसरून पाण्यात कोसळली. ५३ जणांचा मृत्यू झाला. या मार्गावर विजेवरच्या गाड्या सुरू होऊन काही आठवडेच झाले होते.

जुन्या रीतीप्रमाणे कंपनीने गप्प बसणे अपेक्षित होते. ली यांनी उलटे केले. अपघाताची माहिती देणारे निवेदन तयार करून ते वृत्तपत्रांना दिले आणि पत्रकार व छायाचित्रकारांना घटनास्थळी जाण्याची सोय करून दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३० ऑक्टोबरच्या अंकात हे निवेदन जसेच्या तसे छापले. जनसंपर्काच्या इतिहासात ही पहिली प्रेस नोट मानली जाते. अपघाताची जबाबदारी टळली नाही, पण कंपनी काही तरी लपवते आहे ही शंका मात्र दूर झाली.

१९१२ मध्ये ली रेल्वेच्या अध्यक्षांचे कार्यकारी सहायक झाले. प्रसिद्धीचे काम पाहणारा माणूस कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनात बसू लागला, ही तेव्हा नवी गोष्ट होती. निर्णय झाल्यावर त्याला मुलामा देण्यापेक्षा निर्णय घेतानाच लोकांना काय वाटेल हे सांगणारा माणूस खोलीत हवा, हे ली यांनी उद्योगांना पटवून दिले.

लडलोमध्ये काय घडले?

ली यांच्या कारकिर्दीला वेगळे वळण मिळाले ते १९१४ मध्ये. कोलोराडो राज्यातील कोळसा कामगार सप्टेंबर १९१३ पासून संपावर होते. कंपनीच्या घरांतून बाहेर काढल्यामुळे ते कुटुंबांसह तंबूंत राहत होते. तिथली सर्वांत मोठी कंपनी होती कोलोराडो फ्युएल अँड आयर्न, आणि तिच्यात रॉकफेलर कुटुंबाचा मोठा वाटा होता.

२० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वस्तीवर राज्याच्या नॅशनल गार्डने गोळीबार केला. नंतर तंबूंना आग लागली. गोळ्यांपासून वाचण्यासाठी एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या दोन महिला आणि ११ मुले गुदमरून मरण पावली. या घटनेने अमेरिका हादरली. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर यांच्या कार्यालयासमोर निदर्शने सुरू झाली. जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी मदतीसाठी ली यांना बोलावले. रेल्वेची नोकरी सांभाळून ली यांनी हे काम स्वीकारले. मोबदला ठरला महिना १,००० डॉलर.

ली यांची पत्रके वादग्रस्त का ठरली?

१९१४ च्या उन्हाळ्यात कोलोराडोतील संपाची वस्तुस्थिती सांगणारी पत्रके देशभरातील संपादक, लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि धर्मगुरूंकडे पोहोचू लागली. ती डेन्व्हरहून टपालात पडत आणि त्यावर खाणव्यवस्थापकांच्या समितीचे नाव असे. प्रत्यक्षात ती तयार होत होती ली यांच्या देखरेखीखाली, शेकडो मैल दूर पूर्व किनाऱ्याकडे. ली यांचे नाव त्यावर कुठेही नव्हते. सगळे काम उघडपणे चालते असे आठ वर्षांपूर्वी लिहून देणारा माणूस आता पडद्याआडून काम करत होता.

मजकुराची स्थिती आणखी वाईट होती. कामगार नेत्यांचे वर्षभराचे वेतन अवघ्या काही आठवड्यांचे म्हणून दाखवण्यात आले. त्यामुळे संप म्हणजे नेत्यांचा पैसे कमावण्याचा धंदा आहे, असा समज पसरला. ‘मदर जोन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वयोवृद्ध कामगार नेत्या मेरी हॅरिस जोन्स यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा मजकूरही या पत्रकांत होता.

फ्रँक वॉल्श यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक संबंध आयोगाने १९१५ मध्ये ली यांची साक्ष घेतली. त्यात सत्य बाहेर आले. खाणव्यवस्थापकांनी जे कळवले, ते ली यांनी छापले होते. ते खरे आहे का, हे त्यांनी स्वतः तपासले नव्हते. वेतनाच्या आकड्यांतील चूक कामगार संघटनेने दाखवून दिल्यानंतरही दुरुस्ती वेळेवर झाली नाही.

हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. ली यांनी स्वतः बसून खोटे रचल्याचे आयोगासमोर आले नाही. त्यांनी अशिलाचा शब्द प्रमाण मानला आणि आपल्या कौशल्याने तो देशभर पोहोचवला. बातमीदार म्हणून काम करताना एकाच बाजूने आलेला आकडा त्यांनी असाच छापला असता, तर संपादकाने त्यांना दारात उभे केले नसते. जनसंपर्कात आल्यावर मात्र ही साधी तपासणी गळून पडली.

याची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली. अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना ‘पॉयझन आयव्ही’ हे टोपणनाव दिले. पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली की आग आणि खाज सुटणारी अमेरिकेतील वेल आहे. आपल्याकडच्या खाजकुइलीसारखी. ली यांचे पहिले नाव आयव्ही असल्यामुळे ते टोपणनाव चिकटले ते कायमचे.

रॉकफेलर यांची प्रतिमा कशी बदलली?

पत्रके फसली, पण त्याच प्रकरणातला दुसरा प्रयोग वेगळा होता. रॉकफेलर ज्युनिअर यांनी सप्टेंबर १९१५ मध्ये कोलोराडोचा दौरा केला. ते खाणीत उतरले, कामगारांसोबत जेवले, त्यांच्या घरी गेले आणि एका कार्यक्रमात कामगारांच्या पत्नींसोबत नृत्यही केले. सोबत मॅकेन्झी किंग होते, जे पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. कामगारांना आपले प्रतिनिधी निवडून तक्रारी मांडता याव्यात, यासाठी किंग यांनी आखलेली योजना कामगारांनी मतदानाने स्वीकारली.

या दौऱ्यानंतर वृत्तपत्रांतील रॉकफेलर यांचे चित्र बदलले. मालक कामगारांत मिसळला, ही बातमी कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त परिणामकारक ठरली. मात्र योजनेतील मर्यादा उघड होती. कामगारांची स्वतंत्र संघटना कंपनीने मान्य केलीच नाही. मालकाच्या आधाराने चालणाऱ्या अशा संघटनांवर १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकेत बंदी आली. वागणूक बदलली तर प्रतिमा बदलते, हे लडलोनंतर दिसले. तसेच मूळ मागणी बाजूला ठेवूनही प्रतिमा बदलता येते, हेही दिसले.

ली मात्र या काळात अधिकाधिक यशस्वी होत गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रसिद्धीचे काम सांभाळले. १९१९ मध्ये स्वतःची नवी संस्था सुरू केली. बेथलेहेम स्टील, क्रायस्लर, न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे अशी मोठी नावे त्यांच्या अशिलांच्या यादीत होती. १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियाशी अमेरिकेने संबंध जोडावेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९२७ मध्ये ते स्वतः तिकडे जाऊन आले. भांडवलदारांचा सल्लागार आणि कम्युनिस्ट देशाशी बोलणी करा असे सांगणारा माणूस, या विरोधाभासामुळेही त्यांच्यावर टीका झाली. संवाद सुरू राहिला की तंटे सुटतात, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. पुढे हाच विश्वास त्यांना महागात पडला.

नाझी जर्मनीशी संबंध कसा आला?

‘आयजी फार्बेन’ ही जर्मनीतील बलाढ्य रसायन कंपनी होती. तिच्या अमेरिकेतील शाखेसाठी ली १९२९ पासून काम करत होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्यानंतर मूळ जर्मन कंपनीने ली यांना वर्षाला २५,००० डॉलरवर सल्लागार नेमले. काम होते जर्मनी आणि अमेरिका यांच्यातील संबंध कसे सुधारतील हे सांगण्याचे. ली यांचा मुलगा बर्लिनमध्ये याच कामावर होता. ली यांनी हिटलर आणि गोबेल्स यांची भेटही घेतली.

मे १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने ली यांना बंद दाराआड साक्षीसाठी बोलावले. ही समिती देशातील परकीय प्रचाराची चौकशी करत होती. ज्यूंना जर्मनीत जी वागणूक मिळते ती अमेरिकी जनता कधीही मान्य करणार नाही, असे आपण कंपनीला स्पष्ट सांगितले होते, अशी बाजू ली यांनी मांडली. अमेरिकेत आपण कोणताही प्रचार केला नाही, जर्मनीची भूमिका जबाबदार जर्मन व्यक्तींनी उघडपणे मांडावी एवढाच सल्ला दिला, असेही त्यांनी सांगितले. मात्र आपल्या सल्ल्याचा उपयोग कंपनी आपल्या सरकारसाठी करणार, याची कल्पना असल्याचे साक्षीतून स्पष्ट झाले.

जुलैमध्ये ही साक्ष जाहीर झाली आणि अमेरिकी वृत्तपत्रांत हिटलरचा प्रसिद्धी सल्लागार अशा मथळ्यांखाली ली यांचे नाव झळकले. त्या वेळी ते युरोपात होते आणि प्रकृती ढासळत होती. ९ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये मेंदूतील गाठीमुळे त्यांचे निधन झाले. ते ५७ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात आयजी फार्बेनने ऑशविट्झजवळ कारखाना उभारून तिथे छळछावणीतील कैद्यांना राबवले आणि युद्धानंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांवर न्युरेम्बर्गमध्ये खटला चालला. हे पाहायला ली नव्हते. पण ज्या अशिलाच्या पैशावर त्यांनी काम केले, त्याची ओळख इतिहासाने त्यांच्या नावाशी कायमची जोडली.

त्यानंतर कायद्यात काय बदल झाला?

याच समितीच्या चौकशीतून पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत परकीय प्रतिनिधी नोंदणी कायदा झाला. परदेशी सरकार किंवा संस्थेसाठी अमेरिकेत जनमत घडवण्याचे काम करणाऱ्याला आपली नोंदणी करावी लागते, कोणासाठी काम करतो आणि किती पैसे मिळतात हे जाहीर करावे लागते. हा कायदा आजही लागू आहे. १९०६ मध्ये ली यांनी जी गोष्ट स्वतःहून कबूल केली होती, ती ३२ वर्षांनी कायद्याने सक्तीची झाली. त्याला कारणीभूत ठरलेल्या प्रकरणांत ली यांचे प्रकरण ठळक होते.

जनसंपर्कात करिअर करू इच्छिणाऱ्यांसाठी यात काय आहे?

भारतात हे क्षेत्र आता चांगलेच विस्तारले आहे. टाटा समूहाने मुंबईत १९४३ मध्ये जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयापासून रुग्णालये, विद्यापीठे, बँका आणि स्टार्टअपपर्यंत सगळीकडे पीआरओ हा शब्द रुळला आहे. पत्रकारितेतून या क्षेत्रात जाण्याची वाट आजही तीच आहे, जी ली यांनी १९०३ मध्ये धरली होती. कारणेही फारशी बदललेली नाहीत : बरा पगार आणि निर्णय घेणाऱ्यांच्या जवळ बसण्याची संधी.

या वाटेवर लागणारी कौशल्ये शिकता येतात. निवेदन कसे लिहायचे, संकटात कोणाला आधी फोन करायचा, पत्रकाराला कोणता तपशील लागतो, हे अभ्यासक्रमात आणि कामावर कळते. ली यांच्याकडे ही सगळी कौशल्ये होती. अटलांटिक सिटी आणि लडलो या दोन्ही वेळी माणूस तोच होता आणि हातोटीही तीच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी पत्रकार स्वतः घटनास्थळी जाऊन माहिती पडताळू शकत होते. दुसऱ्या वेळी माहिती कोणी तपासली नाही आणि ती कोणाकडून येते हेही झाकले गेले.

म्हणूनच नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने निवेदन पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायला हव्यात. हा आकडा मी स्वतः तपासला आहे का? आणि हे काम मी कोणासाठी करतो आहे, हे उघडपणे सांगायची माझी तयारी आहे का? यातील एकाचेही उत्तर नाही असेल, तर ते निवेदन थांबवण्याचे धाडस पीआरओकडे असावे लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे सोपे नसते. यशाच्या शिखरावर असताना ली यांनाही ते जमले नाही.

भारतात दरवर्षी २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन साजरा होतो. १९६८ मध्ये याच दिवशी दिल्लीत देशातील पहिली अखिल भारतीय जनसंपर्क परिषद भरली होती आणि तिथे या व्यवसायासाठी आचारसंहिता स्वीकारण्यात आली. तारखांचा हा निव्वळ योगायोग असला, तरी लडलोच्या घटनेचा स्मरणदिन त्याच्या आदल्या दिवशी, २० एप्रिलला येतो.